काचेतला स्वेटर

ताई,

की आता संतच म्हणू तुला? कालच तसं जाहीर झालं. चर्चमध्ये तुझा फोटो लावलाय, डोळे मिटलेला. भांडी घासायची वेळ झाली की तू अश्शीच डोळे मिटायचीस!

तू मठात जाऊन जगाच्या जखमा धुतल्यास. इकडे अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस अकरा वर्षं मी बदलली. हाक मात्र ती तुलाच मारायची.

तू देवाघरी गेल्यावर फादर घरी आले. म्हणाले, "सिस्टरांच्या वापरातलं काही असेल तर द्या." आईने आपल्या दोघींना विणलेले सारखेच निळे स्वेटर कपाटात होते. मी माझा काढून दिला. म्हटलं, एकदा तरी लोकांना माझ्यापुढे हात जोडू देत.

चर्चने तो काचेच्या पेटीत ठेवला. आणि एक लुळी बाई त्या काचेला हात लावून चालायला लागली! पण लावताना नाव तुझंच घेतलं तिने. म्हणजे तिथेही तूच.

खरं कुणाला सांगणार? तुझा स्वेटर मी रोज अंगात घालते. गुडघा अजून तस्साच ठणकतोय. माझ्यावरच राग आहे का गं तुझा?

तुझीच,
धाकटी