कॉम्प्युटरमधलं माझं ऑपरेशन

१२ जून
डॉ. मंजुनाथनी आज माझी डावी किडनी कॉम्प्युटरवर दाखवली. स्कॅनवरून बनवलेली. गुलाबी किडनी, तांबड्या-निळ्या नळ्या, कडेला सुपारीएवढी पिवळी गाठ. पोटाला भोकं कुठे पाडायची, दुर्बीण कुठून घालायची, गाठ कशी कापायची, सगळं पडद्यावर करून दाखवलं. बाकीची किडनी शाबूत. महिन्याभरात या, म्हणाले. म्हणजे अवघड काम झालंच. आता फक्त माझ्यावर करायचं राहिलं. सोमवारी तारीख घेणार. भीती अजिबात नाही.

१६ जून, सोमवार
तारीख घेतली नाही. आषाढ तोंडावर आलाय. आषाढात नवं काही करू नये. ऑपरेशन नवंच की. मुलगी, भव्या, चिडली. म्हणाली, आई, गाठ काय पंचांग बघून वाढते? मी म्हटलं, नकाशा काढून झालाय, तो कुठे पळून जातोय!

२ जुलै
अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वैद्यकाचं इंग्रजी पुस्तक आणलं. डिक्शनरी घेऊन किडनीचं प्रकरण वाचतेय. शेजारच्या राजलक्ष्मीअक्काला अर्धा तास समजावलं. ती कानडीत सरी, म्हणजे बरं, म्हणाली. मग म्हणाली, पण तू जाणार कधी? मी म्हटलं, अभ्यास अर्धवट टाकून कोण जातं!

१९ ऑगस्ट
हॉस्पिटलातून फोन. मॅडम, प्लॅन जुना झाला, परत स्कॅन करावं लागेल. नकाशा म्हणजे काय दूध आहे नासायला? सरी म्हणून फोन ठेवला.
आता ह्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावरच. ह्यांना तातडीनं ऑपरेशनला आत नेलं होतं. नकाशाबिकाशाला वेळच नव्हता. पोट उघडलं, मग बघितलं. मी बाहेर ह्यांचा चष्मा धरून बसले होते. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे. अधूनमधून पुसते.
माझं तसं नाही. माझं सगळं आधीच ठरलंय.

१४ सप्टेंबर
डाव्या कुशीत दुखतं. गादी बदलली.

११ ऑक्टोबर
वर्षश्राद्ध नीट पार पडलं. पंगत उठल्यावर भव्यानं विचारलं, आता कोणतं कारण? मी म्हटलं, दिवाळी. तिनं पातेली जोरात घासली.

३ नोव्हेंबर
लघवी लालसर. बिटाची कोशिंबीर खाल्ली होती. गेल्या आठवड्यात. भव्याला सांगण्यासारखं काही नाही.

६ नोव्हेंबर
आज बीट न खाताही लाल. पाणी कमी पडत असेल. तांब्या उशाशी ठेवला.

१० नोव्हेंबर
भव्यानं बाथरूममध्ये बघितलं. लगेच कॅब बोलावली. नवं स्कॅन झालं. मी डॉक्टरांना म्हटलं, जुनाच प्लॅन वापरा, छान जमला होता. ते म्हणाले, अम्मा, ती जूनमधली किडनी होती.
नव्या चित्रात पिवळं निळ्या नळीत शिरलेलं. एवढं मी बघितलं. मग त्यांनी पडदा भव्याकडे वळवला. भोकांनी भागणार नाही, पोट उघडावं लागेल, किडनी राहणार नाही, असं तिला हळू आवाजात सांगत होते. भव्या नुसती मान हलवत होती.
परवा सकाळी. मला कधी सोयीचं, हे कोणी विचारलं नाही.