नारळ फुटेपर्यंत

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

प्रिय ज्ञानेश्वर,

आत्ताच शेळ्यांना पाणी पाजलं आणि आमच्याकडची तुझी खोली झाडून घेतली. तू गेल्यापासून तिथे कुणी राहत नाही, तरी राख कुठून येते कळत नाही. तुझा खाकी शर्ट अम्मीने दोनदा धुतला, धुराचा वास जात नाही. तुझा फोन बंद लागतो, म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवरच्या वैजनाथच्या हाती कर्जतला तुझ्या मामांकडे पाठवतो आहे. पाकीट दोन्ही बाजूंनी चिकटवलं आहे. फाटलेलं मिळालं तर मला कळव.

रंगनाथबाबांची बातमी आधी देतो. ते अजून नगरच्या दवाखान्यात आहेत. डावा पाय वाचला, उजव्याबद्दल डॉक्टर काही सांगत नाहीत. परवा भेटून आलो. मला वाटलं होतं, तू त्यांना पाठीवर घालून आगीतून बाहेर काढलंस, तर ते तुझी चौकशी करतील. केलीही. मग वर पंख्याकडे बघत म्हणाले, "पोरगं गुनाचं हाय रं. पन परगावचं हाय. त्येची फार तर बदली हुईल. आपलं गवत गेलं तर गावानं काय करायचं?" मी मोसंबी सोलत बसलो. सगळी सोलून झाली तरी त्यांनी एकही फोड खाल्ली नाही.

गावात सगळे हेच बोलतात. उद्या चौकशीच्या साहेबांसमोर काय सांगायचं ते ठरलं आहे: फॉरेस्ट गार्डने वन समितीला न विचारता भर उन्हात काडी लावली. पारावर बसवून एकेकाकडून पाठ करून घेतात, शाळेत पाढे घ्यायचे तसं.

मला सारखा तो मंगळवार आठवतो. तू उजाडायच्या आत सगळ्यांना गोळा केलं होतंस. राखीव जंगलाच्या कडेचा गवताचा पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आत शिरत नाही. पण तो जाळायचा गवतावर दव असेपर्यंत, वारा उठायच्या आत. हे बाबांनाही ठाऊक होतं, मलाही. तरी आप्पासाहेबांशिवाय नारळ कोण फोडणार? वन समितीचे अध्यक्ष ते, मान त्यांचा. आणि ते गेलेले श्रीगोंद्याला साखरपुड्याला. वाट बघता बघता नऊ वाजले. तू म्हणालास, दव गेलं, आज राहू द्या, उद्या करू. तेव्हा पुष्पावतीकाकू म्हणाल्या, "उद्याचा रोज तू देनार हाईस का, साहेबा?" कुणीतरी मागून म्हणालं, "गार्डसाहेबाला वाऱ्याचं भ्या वाटतंय, सर्दी हुईल." सगळे हसले. तूही हसलास. तुझ्या हातातलं आग विझवायचं ओलं गोणपाट तोवर वाळून कडक झालं होतं. पावणेअकराला आप्पासाहेबांची गाडी आली, डोक्यावर साखरपुड्याचा फेटा तसाच. नारळ फुटला, फोटो निघाला आणि पट्टा पेटला न पेटला तोच वारा फिरला आणि आग ओढा ओलांडून गेली. पुढचं तुला सांगायला नको. ओढ्यापलीकडचं गवत, जिथे काळविटांची पिल्लं लपायची म्हणून आपण विळा लावत नव्हतो, तिथे मी अजून गेलेलो नाही. कुत्री मात्र जातात.

तू उद्या काय करणार आहेस ते वैजनाथने मला सांगितलं. 'वेळ माझीच चुकली' असं लिहून देणार. तुझा विचार मला कळतो. चूक समितीची ठरली तर खात्याचा आणि गावाचा करार मोडेल आणि गवत कापून आणायला बंदी येईल. आम्हाला हे जंगल तूच मिळवून दिलंस, घरोघर फिरून, चराई बंद केली तर डोक्यावरून भारे आणता येतील हे पटवून. ते आता तुझ्यामुळे जाऊ नये असं तुला वाटतं. पण गाव ज्याला बदली म्हणतं ती बदली नाही. तू अजून नोकरीत कायम झालेला नाहीस. तुला घरी बसवतील. हे मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते तेच बोलले असते, अशी मला भीती वाटली.

म्हणून शुक्रवारीच, दवाखान्यातून परतताना, मी एकटाच वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाऊन आलो. नऊ वाजता तू थांबायला सांगितलं होतंस आणि गावाने थांबू दिलं नाही, असा जबाब लिहून दिला. शब्द न् शब्द दोनदा तपासला आणि खाली पूर्ण नाव घातलं. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. काल गावाला कळलं. आप्पासाहेबांनी अब्बांना पारावर बोलावून एवढंच विचारलं, "चांदभाई, तुमच्या शेळ्या आता कागद खात्यात का?" अब्बा घरी आले ते अजून माझ्याशी बोलले नाहीत. रमजान आठवड्यावर आला आहे आणि घरात भांड्यांचाच आवाज आहे. जंगल बंद झालं तर पहिल्या शेळ्या आमच्याच विकल्या जातील. त्याची मी तयारी ठेवली आहे. पण उद्या तू कबुली दिलीस तर तुझी नोकरी जाईलच, आणि माझा जबाब खोटा ठरेल, तोही तुझ्याच सहीने. मग या गावात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही आणि माझ्या बाजूने बोलणारा तूही नसशील. ज्ञानेश्वर, उद्या सही करू नकोस.

तुझाच,
शाहरुख