सरळ वाटेवरचे तीन चहा

रविवार, संध्याकाळ. सासुरवाडी, गोसीखुर्दजवळ.

गणित माझं बरोबर होतं, हे आधी लिहून ठेवतो.

सकाळी बायकोनं कोडं घातलं. इथून देवळापर्यंत गावातून सरळ वाट आहे, तलावाच्या पाळीवरून गेलं तर अंतर दुप्पट. एक जण पायी सरळ निघाला, दुसरा सायकलनं दुप्पट वेगात पाळीवरून. आधी कोण पोचेल? मी म्हणालो, दोघं बरोबरच. ती म्हणाली, "सायकलवालाच. लावता पैज?" हरेल त्यानं मासोळ्या साफ करायच्या.

मी भराभर पायी निघालो, ती सायकलवर. पहिल्याच दारात मामी उभ्या. "या जवाईबापू, चहा घ्या." सासुरवाडीत चहा टाळून कोणता जावई पुढे गेलाय? मग चुलत सासरे, मग आत्याबाई. प्रत्येक दारात चहा कपात ओतलेला, वाफाळता. आधीच तयार कसा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

देवळाच्या पायरीवर ती निवांत बसलेली. "तीन कप झाले न?"

"तुले कसं मालूम?"

"मीनंच फोन केला साऱ्याईले, जवाई येऊन राहिले म्हणून. कोड्यात फोनची मनाई होती काय?"

नव्हती. पण गणित बरोबरच होतं ना?

आता परसात राख घेऊन मासोळ्या घासायला बसलो, तर जावई काय करतो ते पाहायला अर्धी आळी जमली. शेवटी सासूबाईंना दया आली.

"राहू द्या बापू," त्या म्हणाल्या. "उठा, चहा घ्या."