मोजणी जुळेपर्यंत सुई नाही

मित्याना,
३ फेब्रुवारी १९९४

चि. नामुली हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. डॉ. कायिवा एप्रिलात माणसं घेऊन मागणी घालायला येणार हे वाचून जीव भांड्यात पडला. तू तिशीला टेकलीस तशी वहिनींनी आशा सोडली होती, मी सोडली नव्हती. आपल्यात मागणी झाली की लग्न झालंच, आणि नांदायचं कसं हे शिकवणं आत्याचं काम, म्हणून सांगते. नवऱ्याशी गुडघे टेकून बोलावं. चारचौघांत त्याची चूक काढू नये, निजताना हळूच सांगावी. तुझा आवाज तुझ्या वडिलांवर गेलाय, तो जरा आवर.

वहिनींचं पोट अजून दुखतं का? डॉक्टर जावई मिळतोय आणि औषध मात्र गावच्या मुळ्यांचं. त्याला दाखवायची सोय नाही म्हणा. सासूनं जावयाच्या समोरसुद्धा यायचं नाही, आणि त्यानं तिला हात लावला की त्याला ओबुको लागतो, जन्मभर हात थरथरतात. मग अशा डॉक्टरकडे कोण जाणार?

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी आत्या


मिशन हॉस्पिटल, नर्सेसची खोली,
२० फेब्रुवारी

ती. आत्यास नामुलीचा सा. न.

वि. वि. आई बरी आहे. हे आधी वाच, मग खाली बसून पुढचं वाच.

मंगळवारी आईच्या आतड्याला पीळ पडला. मोठे डॉक्टर कंपालाला गेलेले, दुसरीकडे न्यायला वेळ नाही. उरले कायिवा. तसल्या कळांतही आईनं अट घातली की मला झोप लागेपर्यंत त्यांनी आत यायचं नाही आणि माझं तोंड झाकलेलं हवं. भूल देणारे ओकेलो उत्तरेकडचे, त्यांना आपल्या रीतींचं हसू येतं. ते म्हणाले की तोंड झाकलं तर बाई श्वास कशानं घेणार. शेवटी डोळ्यांवर रुमाल बांधून तडजोड झाली.

कायिवांनी पीळ सुरेख सोडवला. पण आपला हात सासूबाईंच्या पोटात आहे या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला होता. कधी एकदा शिवून बाहेर पडतो असं झालं होतं. शिवण्याआधी मी रक्त टिपायच्या कापडी घड्या मोजते. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर यायला हव्यात. एक कमी भरली. पुन्हा मोजल्या, बादली उपसली, ओकेलोंनी बूटसुद्धा काढून पाहिले. कायिवा म्हणाले की तुझीच मोजणी चुकली, सुई दे. मी म्हटलं, देणार नाही. त्यांनी पुन्हा मागितली. तेव्हा माझ्या तोंडून वडिलांचा आवाज निघाला, पार व्हरांड्यापर्यंत गेला. मी म्हटलं की तुमच्या सासूबाई असतील, पण आई माझी आहे, हात घाला.

त्यांनी घातला. घडी यकृताखाली दडली होती, रक्तानं भिजून मांसाच्याच रंगाची झालेली. ती आत सडली असती तर आपण आईला पुरून आलो असतो, आत्या.

तेव्हापासून ते कामापुरतं बोलतात. जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतात. लग्न मोडलं असं वाटून मला रडू येतं. पण उद्या पुन्हा तशीच सुई मागितली तरी मी देणार नाही. काय करू ते कळव.

तुझी नामुली


मित्याना,
२६ फेब्रुवारी

चि. नामुलीस आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचता वाचता भांड्यातलं पाणी आटलं, मटोक्याची केळी करपली. वहिनींशी आजवर भांडत आले, पण वाचताना हात लटपटले. आणि मी तर कुणाची जावईही नाही.

ओबुकोचं इथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. मागणी झालेली नाही, तोवर तो परका डॉक्टर. तेव्हा त्याचे हात शाबूत राहतील, सांग त्याला.

आवाज चढवलास त्याची माफी माग, गुडघे टेकून. घडीची मागू नकोस. त्यावरही तो दुसऱ्या टेबलावर बसला तर बसू दे. नवरा दुसरा मिळेल.

तुझी आत्या


मिशन हॉस्पिटल, डॉक्टरांचं घर,
१५ मे

ती. आत्यास सा. न.

वि. वि. मागणीच्या दिवशी तू विचारत होतीस, पण बायकांच्या गर्दीत सांगता आलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी माफी मागायला गेले होते. गुडघे टेकायच्या आत त्यांनीच मला धरलं. म्हणाले की राग नव्हता, लाज वाटत होती, तुला तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. तुझा ओबुकोचा निकाल ऐकून मात्र दोन्ही हात पुढे धरून बराच वेळ बघत राहिले.

आता तुझ्या दंडाचं. वरपक्ष उशिरा आला म्हणून तू सोड्याचे क्रेट उकळलेस. ते वेळेवर पोचले होते, आत्या. फाटकाबाहेर यांनी आहेराच्या टोपल्या मोजायला घेतल्या, तर दादाच्या मानाचा कोंबडा कमी. यांचे काका म्हणाले की एवढ्या सामानात कोंबडा कोण बघतो, चला. हे म्हणाले की मोजणी जुळेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही. कोंबडा गाडीत गाठोड्यांमागे निवांत झोपला होता. त्याच्याशिवाय दादानं मला दिलीच नसती.

आई केळींच्या आडून चोरून बघत होती. कोंबडा नाही, कोंबडा धरलेले हात. ते थरथरत नव्हते.

तुझी नामुली


मित्याना,
२४ मे

चि. सौ. नामुलीस व डॉक्टरांस आशीर्वाद.

वि. वि. सोडा पिऊन संपला, तो परत मिळणार नाही.

फेब्रुवारीत शिकवलं त्यात थोडी दुरुस्ती आहे. घरात गुडघे टेक. पण माणसाचं पोट उघडं असेल तिथं ताठ उभी राहा आणि वडिलांच्या आवाजात बोल. तो आवाज आवर असं मी म्हटलं होतं, ते विसर.

वहिनी काल सबंध दुपार इथं होत्या. मटोके कच्चे, शेंगदाण्याच्या कालवणात मीठ जास्त, अंगण झाडलेलं नाही, असं एकेक काढून भांडत बसल्या. मी एकदाही उलट बोलले नाही. त्यांना वाटलं मी आजारी आहे. मी नुसती त्यांचा आवाज ऐकत होते.

आम्हा म्हाताऱ्यांवर माया असू द्या.

तुझी आत्या