गिऱ्हाईक गेलं का?

प्रिय भोंग्या,

चाळिशी ओलांडलीस तरी हे नाव काही तुला सोडत नाही बघ. पत्र पाहून दचकू नकोस, आई ठीक आहे. म्हणजे दर रविवारी मी फोनवर सांगते तशी ठीक. तू "कशी आहे?" विचारतोस आणि माझ्या तोंडून आपोआप "बरी आहे" निघून जातं, म्हणून आज लिहायला बसले. आई खिडकीपाशी डुलक्या काढते आहे, तेवढ्यात होईल तेवढं खरं.

तुझं ते जॅझ माझ्या डोक्यावरून जायचं, हे तुला ठाऊकच आहे. तू कापडाच्या खोलीत ट्रम्पेट फुंकायचास, आई त्याच्या तोंडात अस्तराचा बोळा कोंबायची आणि शेजारी तरीही भांडायला यायचे. मला वाटायचं, या जॅझवाल्यांना चाल सरळ वाजवता येत नाही म्हणून तिच्याभोवती पिंगा घालतात. एकदा तू वैतागून म्हणाला होतास, ताई, ऐकताना मूळ चाल मनात गुणगुणत राहा, मग बघ ते काय करतात ते. मी कसली गुणगुणते! आईच्या शिवणाच्या दुकानातली काजं माझ्या गळ्यात होती.

आता आई दिवसभर एकच विचारते, "गिऱ्हाईक गेलं का?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. आई, दुकान बंद झालं, मशिनं विकली. ते ऐकून ती दर वेळी नव्यानं रडायची, जणू मी आत्ताच शटर ओढलं. मग मी नुसतं "गेलं, गेलं" म्हणायला लागले. रडणं थांबलं, पण भाजी चिरून होत नाही तोच पुन्हा तेच. खोटं कशाला बोलू, एकेकदा वाटायचं, तो अस्तराचा बोळा आता माझ्याच कानांत कोंबावा.

तो प्रश्न ऐकू येऊ नये म्हणूनच तू ठेवून गेलेल्या कॅसेटी लावायला लागले. आधी नुसता गोंगाट. मग भांडी घासता घासता एका चालीची सवय झाली आणि तुझं म्हणणं आठवलं. चाल मनात घट्ट धरून ठेवली, आणि एकदम कळलं रे! चाल कुठे गेलेलीच नसते. एक जण तिला चुण्या घालतो, दुसरा सैल सोडतो, तिसरा नुसती किनार दाखवतो. एकाच मापाचे दहा झगे आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. हातातलं भांडं नळाखालीच राहिलं, पाणी वाहून गेलं. तेव्हा वाटलं, आईचा प्रश्नही चालच आहे की. मीच रोज एका पट्टीत उत्तर देऊन दोघींना पिडत होते. हे ऐकायला शाळेतच शिकवायला हवं होतं, पाढ्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारल्यावर मी म्हटलं, गेलं, पण बाही सैल झाली म्हणत होतं. आई ताठ बसली. म्हणाली, "सैलच हवी. हात वर करून बघ म्हणावं, मग कळेल." किती महिन्यांनी ती माझ्याशी बोलली! तेव्हापासून मी कधी कॉलरची तक्रार काढते, कधी अस्तराची, कधी गिऱ्हाईक नवऱ्याला घेऊन येतं. तीही दर वेळी नवं काहीतरी परत देते. परवा म्हणाली, "त्या नवऱ्यालाच उसवून पुन्हा शिव." आम्ही दोघी खूप हसलो.

पण दमते रे मी. नवं सुचायलाही अंगात जीव लागतो. गेल्या आठवड्यात इस्त्री चालू ठेवून टेबलावर डोकं टेकलं आणि तशीच झोपले. जळका वास आईला आला. तिनं उठून प्लग काढला, इस्त्री उभी केली आणि माझा खांदा हलवून म्हणाली, "पोरी, झोप येत असेल तर घरी जा, उद्या ये." मला ती दुकानातली मुलगी समजली होती. मी न्हाणीघरात जाऊन रडले. घरी जा म्हणे. कुठल्या घरी जाऊ?

मागच्या वेळी तू आलास तेव्हा ती तुला दुकानात येणारा बटणवाला समजली आणि तू दुसऱ्याच दिवशी बॅग भरलीस. तुला किती लागलं ते मला दिसलं होतं, म्हणून काही बोलले नाही. पण तूच सांगितलं होतंस ना, जॅझमध्ये चालीच्या सगळ्या फेऱ्या एकट्यानं वाजवायच्या नसतात? दमलेला दुसऱ्याकडे बघतो, आणि दुसरा त्याच्या शेवटच्या तुकड्यावरून पुढे उचलतो. मी बघते आहे तुझ्याकडे. थोडे दिवस ये. मी कुठे जात नाही, बाजूला खुर्ची टाकून बसेन, जमलं तर झोपेन. बटणवाला म्हणाली तर बटणवाला हो, चांगली बटणं घेऊन ये. आज सकाळचा माझा शेवटचा तुकडा देऊन ठेवते: गिऱ्हाईक गेलं, पण गुरुवारी ट्रायलला येणार आहे. तिथून पुढे तू धर.

तुझीच दमलेली,
ताई