गाळणीतले खडे

३ मार्च

स्कॅन झाला. बाबांच्या किडनीत खडा आहे. आणि बाबांची एकच किडनी चालते, दुसरी लहानपणीच सुकलीय — हे मला आज कळलं! आमच्या घरात कोणी काही सांगतच नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. करड्या ढगात पांढरा ठिपका. खडा किती टणक ते यावरून आकड्यात कळतं म्हणे. हजाराच्या आत असला तर बाहेरून धक्के देऊन फुटतो. बाबांचा साडेबाराशे. वर पोट सुटलेलं, म्हणजे धक्के लांबून जाणार. "अशा दहांपैकी सात जणांचा फुटत नाही. दुर्बीण घालून काढू."

बाबा म्हणाले, "मग मला उरलेल्या तिघांत धरा."

मी म्हटलं, "खडा बाबांवरच गेलाय." कोणी हसलं नाही.

५ मार्च

बाबा क्रेन चालवतात. एकदा वर केबिनमध्ये चढले की दिवसभर तिथेच. लघवीला उतरायचं म्हणजे ती एवढी शिडी, म्हणून पाणीच प्यायचं नाही. सगळे क्रेनवाले असंच करतात म्हणे. शहाणेच आहेत सगळे.

९ मार्च

धक्के दिले. बाबा म्हणाले, "टिचक्या मारतात नुसत्या." आता लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळायची, तुकडे पडले तर जपून ठेवायचे. दोन आठवड्यांनी परत स्कॅन.

चुकून मिसळू नये म्हणून आईनं त्या गाळणीला लाल दोरा बांधला. मी म्हटलं, "दोरा सुटला तर चहा जरा खारट लागेल." चमचा फेकून मारला तिनं. नेम चुकला.

१३ मार्च

गाळणी रिकामी. बाबा ती खिडकीशी धरून बघतात, धुतात, परत खिळ्याला अडकवतात. बोलत नाहीत. आई पण नाही. मीच बडबडते.

१४ मार्च

खोडी केली. समोरच्या बांधकामावरची खडी आणली, बत्त्यानं फोडली आणि दोन बारीक कण गाळणीत टाकून ठेवले. बाबा बाथरूममधून ओरडले, "अगं, पडला!"

मी लगेच सांगणारच होते. पण आई भिंतीला टेकून खालीच बसली आणि रडायला लागली. बाबांनी हसत मला टपली मारली. कित्येक दिवसांनी.

उद्या सांगते.

१६ मार्च

आज परत दोन टाकले. एकदम थांबले असते तर संशय आला असता.

२३ मार्च

आज स्कॅन होता. बाबा गेलेच नाहीत. "पडला की सगळा. बघायचं काय त्यात?" सगळे कण काड्यापेटीत ठेवलेत. डबा घेतला आणि निघाले कामावर.

मी दारात आडवी उभी राहिले. तोंड उघडलं. म्हटलं, "पाणी प्या."

बस, एवढंच निघालं तोंडातून.

२७ मार्च

केबिनमधून बाबांना उचलून उतरवलं. ताप, उलट्या, लघवी बंद. लगेच स्कॅन केला. खडा अख्खाच्या अख्खा आहे, नुसता खाली सरकून नळीत अडकलाय. वर किडनी फुगलीय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोनवर तुकडे पडले म्हणालात ना?"

"पडलेत की," आई म्हणाली. पिशवीतून काड्यापेटी काढून दाखवली. मी जमिनीकडे बघत होते. फरशीला तडा गेलाय तिथे.

लघवीला वाट मिळावी म्हणून आत प्लास्टिकची नळी घातलीय. तरी लघवी नाही. किडनी परत चालेल का विचारलं, तर "बघू" म्हणाल्या. त्या "बघू"ला काही आकडा नसतो.

२९ मार्च

अजून लघवी नाही. बाबांना डायलिसिसच्या मशीनला जोडलंय. आई बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं. खडी, बत्ता, सगळं.

ते छताकडे बघत म्हणाले, "अगं माकडे, इतकी वर्षं खडीच उचलतोय मी. पहिल्याच दिवशी ओळखली."

"मग स्कॅनला का नाही गेलात?"

"त्या सातांत निघालो असतो तर?"