अंतिम न होणाऱ्या आकड्यांसह प्रबंध स्वीकारण्याबाबत

प्रति,
मा. प्रबंध स्वीकृती अधिकारी,
पयोष्णी अर्थसंशोधन संस्था, अमरावती.

विषय : मोफत मिळवलेली आंतरराष्ट्रीय आकडेवारी आहे तशी ग्राह्य धरून प्रबंध दाखल करून घेणेबाबत.
संदर्भ : आपले तिसरे त्रुटिपत्र, दि. ३ मार्च २०२५.

महोदय,

१. अर्जदार प्रणाली नत्थुजी गावंडे (एम.एस्सी., संख्याशास्त्र, रा. मूर्तिजापूर, जि. अकोला) हिने अकरा देशांतील महागाई व विनिमय दर यांचा सूतनिर्यातीवरील परिणाम या विषयावर सहा वर्षे काम केले. त्यासाठीची आकडेवारी एका जागतिक संस्थेच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. ती शोधण्यास अर्जदारास एक दुपार लागली. ती आपल्या कक्षाकडून मान्य करून घेण्यास आठवा महिना चालू आहे.

२. पहिल्या त्रुटिपत्रात नियम १४ नुसार मूळ दस्तऐवजाची राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत मागण्यात आली. अर्जदाराच्या ओळखीतील एकमेव राजपत्रित अधिकारी म्हणजे पशुधन विकास अधिकारी डॉ. देवमन वानखडे. मूळ पाहिल्याशिवाय ते सही करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सबब अर्जदाराने गुरांच्या दवाखान्यात लॅपटॉप उघडून बासष्ट पाने त्यांना ओळीने दाखवली. मध्ये शेळ्या येत राहिल्याने तीन दिवस लागले.

३. हे कागद आपल्या कक्षात सात आठवडे होते. तेवढ्यात त्या जागतिक संस्थेने मागील वर्षांचे काही आकडे सुधारले. नवी माहिती हाती आली की असे नेहमीच होते. आपल्या लिपिक श्रीमती शकुन इंगळे यांनी कागद पडद्याशी ताडून एकोणीस ठिकाणी दशांशाचा फरक शोधला. हे परिशिष्ट इतक्या काळजीने मार्गदर्शकांनीही वाचलेले नाही, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. त्या म्हणाल्या, "मॅडम, कागद एक बोलते अन् इंटरनेट एक. मी सायबापुढं कोनतं मांडू?" प्रश्न रास्त होता. दुसऱ्या त्रुटिपत्रात मात्र या फरकास 'खाडाखोड' म्हटले आहे.

४. सुधारित आकड्यांचा दुसरा संच घेऊन अर्जदार पुन्हा दवाखान्यात गेली. डॉ. वानखडे यांनी विचारले, "काहून बाई, मांगच्या खेपेले म्या सही केली ते खोटं होतं का?" दोन्ही त्या-त्या दिवशी खरेच, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर, "मंग तारीख-वेळ टाकूनच देतो. उद्या बदललं तं माह्या नावानं बोंबलू नोका," असे म्हणून त्यांनी प्रत्येक पानावर लिहिले : 'आज दुपारी बारा चाळीसला पाहिले तेव्हा असे होते.' आकडेवारीचा याहून प्रामाणिक दाखला अर्जदाराच्या वाचनात नाही.

५. तिसऱ्या त्रुटिपत्रात 'आकडे अंतिम झाल्यावर प्रबंध सादर करावा' असा आदेश आहे. सदर आकडे अंतिम कधी होतील, याची चौकशी अर्जदाराने केली. ते होत नाहीत.

६. अर्जदाराची नोंदणी मात्र ३१ मार्च रोजी संपते. तिची सुधारित आवृत्ती निघत नाही. तरी डॉ. वानखडे यांचा शेरा ग्राह्य धरून प्रबंध त्यापूर्वी दाखल करून घ्यावा, ही विनंती.

आपल्या निर्णयाधीन,
प्रणाली नत्थुजी गावंडे
मूर्तिजापूर, दि. ११ मार्च २०२५, सकाळी दहा वीस

सोबत :
१) परिशिष्ट, बासष्ट पाने, दोन संच (दोन्ही खरे)
२) तिन्ही त्रुटिपत्रे
३) या अर्जाची साक्षांकित प्रत